अलामाउटीचा कर्व्ह जुळत नाहीये? आधी नॉइज बंद करून बघा

दोन ट्रान्समिट अँटेना, एक रिसीव्ह अँटेना, रॅले फेडिंग (सिग्नल वाटेत सतत कमी-जास्त होणं), अलामाउटी कोड (तेच दोन सिम्बॉल दोन अँटेनांवरून दोन वेळांत अदलाबदल करून पाठवायची पद्धत). पॉवर वाढवत नेली की बिटांच्या चुका किती कमी होतात याचा कर्व्ह काढायचं पन्नास-साठ ओळींचं सिम्युलेशन, आणि तरी दर फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या टेबलासमोर कोणीतरी लॅपटॉप उघडून उभं असतंच, "ताई, थिअरीशी मॅच होत नाहीये, परवा रिव्ह्यू आहे". मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कम्युनिकेशन लॅबमध्ये असते, हा एकच दोष इतक्यांदा काढून दिलाय की आता ग्राफ लांबून दिसला तरी साधारण कुठली ओळ गंडलीय ते कळतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी जुळवायचं कशाशी ते ठरवू, कारण निम्मे लोक चुकीच्या कर्व्हशी तुलना करत बसलेले असतात. बीपीएसके (एका सिम्बॉलमध्ये एक बिट) धरा, चॅनलची, म्हणजे ट्रान्समीटर ते रिसीव्हर या रस्त्याची, सरासरी पॉवर १ धरा, ट्रान्समीटरची एकूण पॉवर सगळ्या केसमध्ये सारखी धरा. ईबी बाय एन-नॉट (एका बिटाची ऊर्जा भागिले नॉइज) १० डीबी असताना एका लाख बिटांमागे चुका किती यायला हव्यात: एक ट्रान्समिट एक रिसीव्ह असेल तर साधारण २३३०, अलामाउटी दोन ट्रान्समिट एक रिसीव्ह असेल तर ५५३, एक ट्रान्समिट आणि दोन रिसीव्हवर एमआरसी (दोन्हीकडे आलेला सिग्नल ताकदीप्रमाणे वजन देऊन जोडणं) असेल तर १६०. आता २० डीबीला हेच आकडे २४८, ७ आणि २ च्या थोडे खाली. हे कागदावर लिहून लॅपटॉपच्या बाजूला ठेवा. ग्राफ डोळ्याने जुळवू नका, लॉग स्केलवर डोळा फार फसतो.

या आकड्यांमध्येच सगळी गोष्ट आहे. एका अँटेनाला १० डीबी जास्त दिले तर चुका साधारण दहापट कमी झाल्या, अलामाउटीला तेवढेच दिले तर पंचाहत्तरपट. फेडिंगमध्ये चुका होतात त्या रोजच्या नॉइजमुळे कमी आणि अधूनमधून सिग्नल खड्ड्यात जातो त्यामुळे जास्त. रॅलेमध्ये पॉवर सरासरीच्या २० डीबी खाली जाण्याची शक्यता साधारण १ टक्का असते, आणि त्या १ टक्क्यात जेवढे बिट सापडतात त्यांचं भजं होतं. पण दोन अँटेनांचे दोन रस्ते एकमेकांशी संबंध नसलेले असतील तर दोघंही एकाच वेळी तेवढ्या खड्ड्यात जाण्याची शक्यता दहा हजारात एक. एवढाच खेळ आहे, बाकी सगळं गणित हे दोन रस्त्यांवरून आलेलं एकमेकांत कालवलं जाऊ नये यासाठी.

लक्षणं

तुमचा ग्राफ यातला कुठला ते बघा, कारण औषध लक्षणावरून ठरतं.

एक, अलामाउटीचा कर्व्ह एका अँटेनाच्या कर्व्हवर तंतोतंत जाऊन बसतो, म्हणजे दुसरा अँटेना लावला काय नि नाही काय. दोन, तो एमआरसीच्या कर्व्हवर तंतोतंत बसतो. हे घेऊन येणारी मुलं खुशीत असतात, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा होतं. तीन, आकार बरोबर पण सगळा कर्व्ह बरोब्बर ३ डीबी (म्हणजे पॉवर दुप्पट किंवा निम्मी) इकडे किंवा तिकडे सरकलेला. चार, १२-१५ डीबीपर्यंत छान उतरतो आणि मग आडवा झोपतो, पुढे कितीही पॉवर वाढवा हलत नाही. पाच, बीपीएसकेला मस्त, क्यूपीएसके (एका सिम्बॉलमध्ये दोन बिट) केलं की बोंब. सहा, थिअरीपेक्षाही भारी येतो, जवळजवळ फेडिंग नसल्यासारखा. सात, शेवटच्या दोन-तीन पॉइंटला कर्व्ह करवतीसारखा होतो किंवा एकदम गायबच होतो.

एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र दिसली तर घाबरू नका, चुका जोडीनेच येतात.

पहिली तपासणी: नॉइज शून्य

सगळ्यात स्वस्त, एक मिनिटाची. नॉइजच्या ओळीला शून्याने गुणा आणि रन करा. बीईआर (चुकलेले बिट भागिले एकूण बिट) शून्य यायला पाहिजे, जवळजवळ शून्य नाही, शून्य. चॅनल कितीही वाकडा असला तरी रिसीव्हरला तो माहीत आहे आणि नॉइज नाही म्हटल्यावर एकही बिट चुकायचं कारण नाही.

ही तपासणी पहिली का, तर ती दोष दोन ढिगांत वाटून देते. शून्य आलं नाही तर गडबड बीजगणितात आहे, म्हणजे कॉन्जुगेट (कॉम्प्लेक्स नंबरच्या इमॅजिनरी भागाचं चिन्ह उलटवणं), अधिक-उणे, सिम्बॉलची जोडी, चॅनलची जोडी. शून्य आलं तर बीजगणित ठीक आहे आणि गडबड स्केलिंगमध्ये आहे, म्हणजे नॉइज किती, पॉवर किती. मुलं दोन्ही ढीग एकत्र उपसत बसतात, रात्री दोनपर्यंत इकडे वर्गमूळ दोन लाव तिकडचं काढ चालू असतं, आणि चूक भलत्याच ओळीत बसलेली असते. मागे एक जोडी आली होती, तीन दिवस नॉइजचा फॉर्म्युला बदलत होते, नॉइज शून्य केला तर बीईआर ०.२५ च्या आसपास. म्हणजे ज्याच्यावर तीन दिवस खटला चालवला तो आरोपी तिथे नव्हताच.

एक अट: ही तपासणी क्यूपीएसकेवर करा. बीपीएसकेचे सिम्बॉल अधिक १ आणि उणे १, दोन्ही रिअल, त्यामुळे सिम्बॉलवरचा कॉन्जुगेट विसरलात तरी काहीच फरक पडत नाही आणि चूक लपून राहते. पाचव्या लक्षणाचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच.

नॉइज शून्य करूनही चुका येत असतील तर

कोड बाजूला ठेवा आणि हे समोर घ्या.

पहिल्या वेळेला: अँटेना १ वरून स१, अँटेना २ वरून स२
दुसऱ्या वेळेला: अँटेना १ वरून −स२*, अँटेना २ वरून स१*

र१ = ह१·स१ + ह२·स२ + न१
र२ = −ह१·स२* + ह२·स१* + न२

स१ साठी: ह१*·र१ + ह२·र२*
स२ साठी: ह२*·र१ − ह१·र२*

स म्हणजे पाठवलेला सिम्बॉल, ह म्हणजे चॅनल, र म्हणजे रिसीव्हरला आलेलं, न म्हणजे नॉइज, चांदणी म्हणजे कॉन्जुगेट. आता पेन घेऊन एकदा हाताने सोडवा, खरंच सोडवा, पाच मिनिटं लागतात. स१ च्या ओळीत स२ ची पदं एकमेकांना कापून जातात आणि उरतं ते दोन्ही चॅनलच्या पॉवरची बेरीज गुणिले स१. ही काटाकाट हाच अलामाउटीचा जीव आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये सियावाश अलामाउटी यांनी हे मांडलं तेव्हा त्यातली गंमत हीच होती की दोन अँटेना रिसीव्हरला लावून जो फायदा मिळायचा तो दोन अँटेना ट्रान्समीटरला लावून मिळवायचा, म्हणजे भार टॉवरवर, हातातला फोन साधाच, आणि डिकोडिंग इतकं सोपं की दोन गुणाकार एक बेरीज. पण एक चांदणी हलली की काटाकाट होत नाही, स१ मध्ये स२ मिसळतो आणि मग पॉवर वाढवून उपयोग शून्य, कारण पॉवरबरोबर मिसळणारं पण वाढतं. चौथ्या लक्षणातला आडवा झोपलेला कर्व्ह तो हाच.

दुसरी गोष्ट, पुस्तकं वेगवेगळी मांडणी वापरतात. कुणी उणे चिन्ह दुसऱ्या अँटेनावर ठेवतं, कुणी मॅट्रिक्स आडवा-उभा उलटा लिहितं. सगळं बरोबर असतं, पण ट्रान्समीटर एका पुस्तकातून आणि रिसीव्हर दुसऱ्या व्हिडिओतून उचलला की संपलं. एकच कुठलंतरी धरा.

मग मॅटलॅबचं ते अपॉस्ट्रॉफी. रो व्हेक्टरचा कॉलम करायचा म्हणून सगळे नावापुढे नुसतं ते चिन्ह टाकतात, पण ते ट्रान्सपोज करताना कॉन्जुगेटही करून टाकतं. नुसता ट्रान्सपोज हवा असेल तर आधी डॉट लागतो, डॉट आणि मग अपॉस्ट्रॉफी. रिअल नंबरवर दोन्ही सारखंच दिसतं म्हणून दुसऱ्या वर्षापासून हात तसाच वळलेला असतो, आणि इथे चॅनल कॉम्प्लेक्स असल्यामुळे ह चा चुपचाप ह* होतो. मी पूर्वी कोड ओळीओळीने वाचायचे, आता सरळ फाइंडमध्ये अपॉस्ट्रॉफी टाकून सगळ्या जागा बघते, निम्मे पेशंट तिथेच बरे होतात. पायथनच्या नम्पायवाल्यांची उलटी तऱ्हा, तिथे डॉट टी कॉन्जुगेट करत नाही, त्यामुळे मॅटलॅबवरून उतरवलेला कोड नेमका उलट बाजूने चुकतो.

आणि तिसरी, चॅनलची जोडी. अलामाउटी धरून चालतो की दोन लागोपाठच्या सिम्बॉलमध्ये ह१ आणि ह२ बदलत नाहीत. त्यामुळे सिम्बॉलच्या निम्मेच चॅनल बनवायचे आणि प्रत्येक दोनदा वापरायचा. इथे मॅटलॅबमध्ये रेपमॅट वापरलात तर तो अख्खी यादी संपवून परत पहिल्यापासून जोडतो, म्हणजे क ख ग क ख ग, आणि आपल्याला हवंय क क ख ख ग ग, ते रेपएलेम देतं. नम्पायमध्ये तेच, टाइल नको, रिपीट हवं. काही जण प्रत्येक सिम्बॉलला नवा चॅनल बनवतात आणि "सर, फास्ट फेडिंग घेतलंय" म्हणून सांगतात. घ्या की, पण मग वरचं साधं कंबाइनिंग चालणार नाही, फ्लोर, म्हणजे तोच आडवा झोपलेला कर्व्ह, येणारच.

नॉइज शून्यला बीईआर शून्य, पण कर्व्ह चुकीचा

आता स्केलिंगचा ढीग. यातही सोप्यापासून.

दोन्ही चॅनल पक्के करून टाका, ह१ = ह२ = १, नॉइज परत चालू. आता फेडिंग उरलंच नाही, त्यामुळे बीपीएसकेचा जो साधा नॉइजवाला कर्व्ह पहिल्या प्रॅक्टिकलला काढला होतात तोच हुबेहूब यायला हवा. ४ डीबीला लाख बिटांमागे १२५० चुका. हा एक आकडा बघा:

१२५० च्या आसपास आले तर नॉइज आणि पॉवर दोन्ही ठीक, दोष चॅनलच्या ओळीत. ७५ च्या आसपास आले तर पॉवर वाटायची राहिलीय. ५६०० च्या आसपास आले तर नॉइज दुप्पट टाकलाय.

पॉवरची वाटणी हे दुसऱ्या लक्षणाचं कारण. दोन अँटेनांवरून पाठवताय म्हणजे प्रत्येकाला निम्मी पॉवर, सिम्बॉलला वर्गमूळ दोनने भागायचं. ते विसरलात तर तुम्ही फुकटात दुप्पट पॉवर पाठवताय आणि कर्व्ह एमआरसीवर जाऊन बसतो. खरा अलामाउटी एमआरसीच्या ३ डीबी मागेच असतो, उतार तोच, जागा मागे. "ताई, आमचा तर एमआरसीइतका चांगला येतोय" म्हणणाऱ्यांना हे सांगताना मलाच वाईट वाटतं. व्हायवाला एक्स्टर्नलचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, ३ डीबी कुठे गेले.

नॉइजचं असं: कॉम्प्लेक्स नॉइजची एकूण पॉवर एन-नॉट, म्हणजे रिअल भागाला निम्मी, इमॅजिनरी भागाला निम्मी. रँडएन हे रँडम नंबरचं फंक्शन दोन्ही भागांना पॉवर एकेक देतं, एकूण दोन होतात, म्हणून इथेही वर्गमूळ दोनने भागायचं. आणि चॅनललाही अगदी तसंच. आता मजा बघा, नॉइजला भागायचं विसरलात तर कर्व्ह ३ डीबी वाईट, चॅनलला विसरलात तर ३ डीबी चांगला, दोन्हीकडे विसरलात तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि कर्व्ह अचूक येतो! मग कधीतरी एखादा हुशार मित्र "अरे इथे वर्गमूळ राहिलंय" म्हणून एक ओळ सुधारतो आणि चालणारा प्रोजेक्ट बंद पडतो, बिचारा मित्र शिव्या खातो. म्हणून ह = १ ची तपासणी ग्राफ जुळत असला तरी करा. चॅनलसाठी वेगळं एक ओळीचं काम: ह च्या ॲब्सोल्यूट व्हॅल्यूच्या वर्गाची सरासरी छापा, १ च्या अगदी जवळ यायला पाहिजे. २ आलं तर कळलंच.

डीबीचं लिनिअर करताना १० ने भागायचं की २० ने, यातही माणसं अडकतात. पॉवरला १०, अँप्लिट्यूडला २०. नॉइजच्या अँप्लिट्यूडला चुकून १० ने भागलंत तर ० डीबीला सगळं बरोबर दिसतं आणि पुढे कर्व्ह दुप्पट वेगाने खाली पळतो, एका अँटेनाचा कर्व्हसुद्धा दोन अँटेनासारखा उतरतो. हे फार फसवं आहे कारण बघणाऱ्याला वाटतं डायव्हर्सिटी, म्हणजे दोन रस्त्यांचा फायदा, मिळाली. ओळखायची खूण हीच, ० डीबीला बरोबर आणि मग प्रत्येक पॉइंटला फरक वाढत जाणारा.

क्यूपीएसकेला एका सिम्बॉलमध्ये दोन बिट असतात, त्यामुळे एक्स-ॲक्सिसवर ईबी लिहून कोडमध्ये ईएस (एका सिम्बॉलची ऊर्जा) वापरला की परत ३ डीबी. या विषयात ३ डीबीचा फरक दिसला की कुठेतरी २ हा आकडा हरवलाय एवढं समजायचं.

सहावं लक्षण, थिअरीपेक्षा भारी. मॅटलॅबचं तयार एडब्ल्यूजीएन फंक्शन 'मेझर्ड' ऑप्शन लावून लूपच्या आत वापरलंय का बघा. ते फंक्शन आलेल्या सिग्नलची पॉवर मोजतं आणि त्या हिशोबाने नॉइज टाकतं. आता सिग्नल फेडिंगच्या खड्ड्यात गेला की ते म्हणतं पॉवर कमी आहे, मग नॉइजही कमी टाकूया. म्हणजे खड्डा पडला की लगेच भरून टाकणारा कॉन्ट्रॅक्टर! असा आपल्या रस्त्यांना मिळाला असता तर बरं झालं असतं, इथे मात्र तो अख्खं फेडिंग पुसून टाकतो. उपाय सोपा, तयार फंक्शन सोडा, नॉइज स्वतः बनवा, एन-नॉट लूपच्या बाहेर एकदाच ठरवा.

पहिलं लक्षण, एका अँटेनावर जाऊन बसणारा कर्व्ह. नॉइज शून्यला शून्य, ह = १ ला १२५०, सरासरी १, सगळं पास, आणि तरी १० डीबीला २३३०. मग ह१ आणि ह२ चे पहिले पाच-पाच नंबर छापून बघा. नव्वद टक्के वेळा ते सारखेच असतात. एकतर कॉपी-पेस्ट करताना नाव बदललेलं नसतं, नाहीतर "रिझल्ट रिपीट व्हायला पाहिजेत" म्हणून रँडमचं सीड (रँडम नंबर जिथून सुरू होतात तो आकडा) प्रत्येक अँटेनाच्या आधी रीसेट केलेलं असतं. दोन्ही चॅनल एकच असले की एक बुडाला तेव्हा दुसराही बुडाला, दोन रस्ते नकाशावर आहेत पण प्रत्यक्षात एकच पूल. सीड प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदा लावा, परत हात लावू नका.

शेवटची करवत

सातवं लक्षण हा दोष नाहीच, घाई आहे. अलामाउटीला २० डीबीला लाखामागे ७ चुका, म्हणजे तुम्ही लाख बिट पाठवलेत तर कधी ४ येणार कधी ११ येणार. २५ डीबीला तर लाखामागे पाऊण चूक, ती साधारण निम्म्या वेळा शून्यच दिसणार आणि शून्याचा लॉग काढता येत नाही म्हणून पॉइंट गायब. प्रत्येक पॉइंटला निदान १०० चुका मोजल्या जाईपर्यंत बिट पाठवत राहा. २० डीबीला त्यासाठी साधारण १४ लाख बिट लागतात, २५ ला १ कोटी ३५ लाख. लूप न वापरता व्हेक्टरमध्ये लिहिलं तर साध्या लॅपटॉपवर हे होतं, एकदम सगळे घेऊन मेमरी भरू नका, दहा-दहा लाखांचे घास घ्या.

आणि एक, एकच चॅनल हजार सिम्बॉल पक्का ठेवला असेल तर दहा लाख सिम्बॉल पाठवूनही तुम्ही फेडिंगचे हजारच नमुने बघितलेत. मग २० डीबीवाले खड्डे जेमतेम पाच-दहा सापडणार. फेडिंगमध्ये बिट मोजून भागत नाही, चॅनल किती वेगळे बघितले ते मोजा.

पायलट लावल्यावर परत बिघडलं

इथपर्यंत रिसीव्हरला चॅनल फुकटात माहीत होता. गाईड म्हणतात आता एस्टिमेट करून दाखवा, आणि मुलं दोन्ही अँटेनांवरून एकाच वेळी १ हा पायलट (चॅनल मोजायला पाठवलेला, रिसीव्हरला आधीच माहीत असलेला सिम्बॉल) पाठवतात. रिसीव्हरला मिळते ह१ अधिक ह२ ची बेरीज, एका समीकरणातून दोन अज्ञात कसे निघणार. एकतर आळीपाळीने पाठवा, एक बोलताना दुसरा गप्प, नाहीतर पायलटही अलामाउटीच्याच पद्धतीने दोन वेळांत पाठवा आणि बेरीज-वजाबाकी करून सोडवा. एस्टिमेट नॉइजी असल्याने कर्व्ह थोडा उजवीकडे सरकतो, ते चालतं, पण उतार तोच राहायला हवा. उतार बदलला तर पायलट आणि डेटाच्या मध्ये चॅनल बदलतोय का बघा. आधी पर्फेक्ट चॅनलवर आकडे जुळवल्याशिवाय पायलटला हात लावू नका, नाहीतर दोष कुठल्या मजल्यावर आहे तेच कळणार नाही.

तीन-चार अँटेना करायची हौस असेल तर एवढंच, की कॉम्प्लेक्स सिम्बॉलसाठी पूर्ण रेटचा (सरासरी दर वेळेला एक नवा सिम्बॉल) असा काटाकाट होणारा कोड फक्त दोन अँटेनांनाच जमतो. तारोख, जाफरखानी आणि काल्डरबँक यांनी १९९९ मध्ये हे सगळं ऑर्थोगोनल, म्हणजे अशी काटाकाट होणाऱ्या, डिझाइनच्या चौकटीत बसवलं, तीन-चार अँटेनांना तीन चतुर्थांश रेट मिळतो. "चार अँटेना, फुल्ल रेट, ऑर्थोगोनल" असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलं असेल तर आजच बदलून घ्या.

हार्डवेअर: इथून खर्च आणि डोकेदुखी

सिम्युलेशन जुळलं आणि एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा खरा रेडिओ) बोर्डवर जुळत नाही, असं असेल तर आधी हे तीन बघा, पैसे लागत नाहीत. अँटेना किती अंतरावर आहेत? २.४ गिगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ साडेबारा सेंटीमीटर, निदान त्याच्या निम्मं, सव्वासहा सेंटीमीटर तरी ठेवा, जवळ चिकटवले की दोघं एकच खड्डा बघतात. दुसरं, लॅबमध्ये कोणी हलतंय का? रिकाम्या लॅबमध्ये रात्री रीडिंग घेतली तर चॅनल तासभर जागचा हलत नाही, फेडिंगची सरासरी निघतच नाही. आमच्याकडे एका ग्रुपचं रीडिंग सकाळी छान आणि संध्याकाळी घाण येत होतं, शेवटी कळलं की झाडायला येणाऱ्या मावशी रोज लोखंडी कपाटाचं दार उघडं टाकून जायच्या. तेव्हापासून मी रिसीव्हरचा अँटेना ट्रॉलीवर ठेवून पाच-पाच सेंटीमीटर सरकवायला लावते, प्रत्येक जागी थोडे फ्रेम, शंभर जागा. तिसरं, रिसीव्हरचा गेन ऑटोवर आहे का? मॅन्युअलवर टाका, नाहीतर वर सांगितलेला खड्डे भरणारा कॉन्ट्रॅक्टर इथेही हजर.

हे सगळं करून कर्व्ह आडवाच असेल आणि दोन ट्रान्समीटर म्हणजे दोन वेगळे बोर्ड असतील, तर तिथे थांबा. प्रत्येक बोर्डाचा ऑसिलेटर वेगळा, नुसता १ पीपीएमचा (दहा लाखात एक) फरक असला तरी २.४ गिगाहर्ट्झला तो २४०० हर्ट्झ होतो. रिसीव्हर एकाची फ्रीक्वेन्सी जुळवेल तेव्हा दुसरा फिरत राहील, आणि कोडमध्ये कितीही डोकं आपटलं तरी हे साध्या करेक्शनने जात नाही. दोन्ही बोर्डांना एकच १० मेगाहर्ट्झ रेफरन्स लागतो किंवा एकाच बोर्डावरचे दोन चॅनल लागतात. हे मागायला गाईडकडे जा, स्वतः क्लॉकच्या पिनला वायर सोल्डर करू नका.

पुढच्या गोष्टींना तर हातच लावू नका, लॅब इन्चार्ज किंवा आरएफचं काम करणाऱ्या माणसालाच बोलवा. ट्रान्समीटरचं आउटपुट केबलने थेट रिसीव्हरच्या इनपुटला जोडायचं असेल तर मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) किती हवा हे बोर्डाच्या मॅन्युअलवरून कोणीतरी जाणत्याने ठरवायचं, एका क्षणात फ्रंट-एंड (रिसीव्हरचा इनपुटजवळचा भाग) जातो आणि बोर्ड वरून धडधाकट दिसतो. पॉवर ॲम्प्लिफायर अँटेना किंवा लोड न लावता चालू करायचा नाही. एसएमए (अँटेना-केबलच्या आट्याच्या) कनेक्टरचा आटा चढत नसेल तर पक्कड आणू नका, आतली पिन वाकलेली असते. आणि फ्रीक्वेन्सी: २.४ चा बँड ठरलेल्या पॉवरच्या आत लायसन्सशिवाय चालतो, पण मोबाईल कंपन्यांच्या बँडमध्ये "पाच मिनिटं टेस्ट" म्हणूनसुद्धा ट्रान्समिट करायचं नाही. तसलं काही करायचंच असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून कॉलेजच्या नावाने परवानगी लागते, ते काम विद्यार्थ्याचं नाही.

सिम्युलेशनवाल्यांनी कधी थांबायचं, तर वरच्या सगळ्या तपासण्या एकदा ओळीने केल्यात, दोन तास गेले आणि अजून जुळत नाही, की थांबा. तिसऱ्या तासापासून माणूस चालणाऱ्या ओळी बिघडवायला लागतो. माझ्याकडे किंवा तुमच्या गाईडकडे येताना चार आकडे लिहून आणा: नॉइज शून्यला बीईआर किती (क्यूपीएसकेवर), ह = १ ला ४ डीबीला लाखामागे चुका किती, चॅनलच्या पॉवरची सरासरी किती, आणि १० व २० डीबीला अलामाउटीच्या चुका किती. एवढ्यावर बहुतेक वेळा कोड न उघडता सांगता येतं. आणि कोड पेनड्राइव्हवर आणा, ग्राफचा तिरका फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्यात वाय-ॲक्सिस लॉग आहे की साधा तेच दिसत नाही.